आमच्या ढोलाला तुमचा पट्टा हवा

प्रति,
वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा औद्योगिक वसाहतींतील उद्योजक,
तसेच इंडो-जर्मन टूल रूम, सिपेट आणि मराठवाडा ऑटो क्लस्टर यांचे प्रमुख,
छत्रपती संभाजीनगर.



गणपती जवळ आले की तुमच्या टेबलावर पत्रांचा ढीग लागतो. कुणाला वर्गणी हवी असते, कुणाला कमानीवर जाहिरात, कुणाला टी-शर्टचे पैसे. आम्हा तालवादकांना तुमच्याकडून एक वस्तू बनवून हवी आहे: चालता-चालता वाजवणाऱ्याचं वाद्य अंगावर नीट पेलणारा पट्टा. आणि त्याच्या जोडीला, जमलं तर, ढोलाचं हलकं पण दमदार पिंप. ही मागणी मंडळांकडे किंवा महापालिकेकडे न करता तुमच्याकडे का करतो आहे, ते पुढे येईलच.

आपल्या शहरात विसर्जनाची मुख्य मिरवणूक राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून निघते. शहागंज, सिटी चौक, गुलमंडी करत ती जिल्हा परिषदेच्या मैदानावरच्या विहिरीकडे सरकते. सरकते हाच शब्द बरोबर आहे, कारण तास न् तास पथक एका चौकात उभं असतं आणि ढोल कमरेलाच असतो. 19 फेब्रुवारीला क्रांती चौकात शिवजयंती, 14 एप्रिलला भर उन्हात भडकल गेटकडे जाणाऱ्या मिरवणुका, मग लग्नसराई, मग पुन्हा गणपती. पथकातली पोरं-पोरी हौसेनं वाजवतात. हलगीवाले, संबळवाले, बँडवाले, ढोलकीवाले यांचं पोट त्यावर चालतं. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला निघालेला पखवाजवादक तर गळ्यात पखवाज घेऊन दिवसचे दिवस चालतो.

या सगळ्यांच्या वाद्याचा आवाज किती असावा, यावर भरपूर बोललं जातं. 2024 साली राष्ट्रीय हरित लवादानं पुण्यातल्या पथकांवर 30 जणांची मर्यादा घातली आणि त्याच सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, चॅनेलवर वाद झाले. संख्या आणि आवाज हे दोन विषय सगळ्यांना ठाऊक झाले. तिसरा विषय कुणीच काढला नाही: त्या ढोलाचं वजन किती, आणि ते कुणाच्या कोणत्या हाडावर बसतं?

शाळेच्या दप्तरासाठी आपल्या देशात धोरण आहे. 2020 च्या दप्तर धोरणानुसार मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड दप्तर नको. आता पन्नास किलो वजनाची कॉलेजातली मुलगी घ्या आणि तिच्या कमरेला दहा किलोचा ढोल बांधा. तो तिच्या वजनाच्या वीस टक्के झाला. ती मोठी आहे, स्वखुशीनं वाजवते आहे, शाळेचा नियम तिला लागू नाही, हे सगळं मान्य. पण दप्तर पाठीला चिकटलेलं असतं आणि ढोल पुढे लोंबतो. शिवाय तो ढोल घेऊन ती नुसती चालत नाही. ती त्यावर पूर्ण ताकदीनं टिपरू मारते, उड्या घेते, खाली बसते, पुन्हा उठते.

तुम्ही यंत्रांची माणसं आहात, म्हणून हिशेब तुमच्याच भाषेत मांडतो. मोठ्या ढोलाचा मध्य पोटापासूनच फूटभर पुढे असतो. पाठीच्या कण्यापासून मोजला तर 40 सेंटीमीटरच्या वर भरतो. कण्याला मागून धरून ठेवणाऱ्या स्नायूंची तरफ मात्र जेमतेम पाच सेंटीमीटरची. म्हणजे दहा किलोचा ढोल खांद्यावरून पुढे टांगला, तर शरीर सरळ ठेवायला पाठीच्या स्नायूंना ऐंशी किलोच्या आसपास ओढ लावावी लागते. मणक्यांमधल्या गादीवर तेवढा दाब वाढतो. मिरवणुकीनंतर चार दिवस कंबर धरून बसणारी पोरं नाजूक नसतात, हा हिशेब त्यांच्या अंगावरून गेलेला असतो.

यावर आपल्या जुन्या वादकांनी काढलेला उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. त्यांनी ढोल खांद्याला अडकवला नाही, कमरेला बांधला. ओझं खुब्याच्या हाडावर उतरलं की तिथून ते सरळ पायांत जातं आणि कण्याची सुटका होते. डोंगर चढणाऱ्यांच्या मोठ्या सॅकला कमरेचा रुंद पट्टा असतो तो याच कारणानं. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग अशा शाळांच्या पथकांनी या खेळाला शिस्त आणि देखणेपण दिलं. तिथून ते लोण आपल्याकडे आलं, तेव्हा कमरेला ढोल बांधायची रीतही आली. बांधण्याचं साहित्य मात्र जसंच्या तसं राहिलं: दोर, ओढणी, उपरणं, फार तर बाजारातला अरुंद नायलॉनचा पट्टा. दोर खुब्याच्या हाडावर दोन बोटांच्या जागेत सगळं वजन टेकवतो. अर्ध्या तासात कातडी लाल होते, दोन तासांत सोलते. मग वादक काय करतो? पट्टा ढिला करतो. ढोल खाली घसरतो, मांड्यांवर आपटतो, वादक मागे रेलून तोल सांभाळतो आणि कमरेचा बाक वाढतो. रीत चांगली होती, पण तिला योग्य सामान कधी मिळालंच नाही.

विद्यापीठामागच्या डोंगरात औरंगाबाद लेण्यांतलं सातवं लेणं तुम्ही पाहिलं असेल. नसेल तर जरूर पाहा. सहाव्या शतकातलं ते शिल्प आहे. मधोमध नर्तकी आणि तिच्याभोवती बसून वाजवणाऱ्या वादिका. बसून वाजवणाऱ्याचं वाद्य जमीन पेलते. उभ्यानं वाजवायला लागलं की जमिनीचं काम दुसऱ्या कशानं तरी करावं लागतं, आणि आपल्याकडे ते नेहमीच वादकाच्या अंगावर टाकलं गेलं. रात्रभर उभं राहून गोंधळ घालणाऱ्या संबळवाल्याची कंबर बघा. हलगी हलकी असते, पण तिचं लोखंडी कडं धरून-धरून डाव्या हाताची काय गत होते ते हलगीवाल्याला विचारा. ताशा तर गळ्यातच अडकवायचा. त्याचं वजन फार नसतं, पण मान सतत खाली, आणि पट्टा मानेच्या मागच्या मणक्यावर घासत राहतो.

परदेशात हा प्रश्न कारखान्यांनी सोडवला. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांचे मार्चिंग बँड पूर्वी एका खांद्यावरून तिरका पट्टा टाकून ड्रम लटकवत. आता तिथे दोन्ही खांद्यांवर बसणारा अॅल्युमिनियमचा सांगाडा असतो, पोटावर टेकणारी पाटी असते आणि उंचीप्रमाणे वर-खाली करता येणारे हूक असतात. ड्रम अंगापासून ठरावीक अंतरावर घट्ट राहतो, लोंबत नाही. तो सांगाडा इथे मागवून भागत नाही, याची कारणं ऐका. त्यांच्या ड्रमला नट-बोल्टचे कान असतात, आपला ढोल दोरांचा. मिरवणुकीत मधेच थांबून दोर आवळावे लागतात, तेव्हा पट्टा आड येऊन चालत नाही. त्यांचे वादक ताठ चालतात, आपले वाकतात, गिरकी घेतात, ढोल डोक्यावर उचलतात. त्यांच्याकडे मैदान असतं, आपल्याकडे गुलमंडीची गर्दी. तेव्हा आपल्या चालीला, आपल्या ढोलाला आणि आपल्या गर्दीला शोभेल असा पट्टा आपल्यालाच बनवावा लागेल.

तो कसा असावा, हे वादक म्हणून सांगतो. कमरेला हातभर नको, पण चांगला चार बोटं रुंद, आतून मऊ, घाम शोषून लवकर वाळणारा आणि धुता येणारा पट्टा. पुढे छोटी कडक पाटी, म्हणजे ढोलाची कडा पोटात रुतणार नाही. दोन्ही खांद्यांवरून पाठीवर फुली मारणारे दोन पट्टे, तेही ओझं उचलायला नव्हे, तर ढोल पुढे झुकू नये म्हणून. मुलींच्या अंगाला बसेल अशी रचना आधीपासून, नंतरची डागडुजी म्हणून नको. आज पथकांत मुली मोठ्या संख्येनं आहेत आणि पट्टे अजूनही पुरुषी मापाचे. नऊवारीवर आणि सदऱ्यावर दोन्हींवर बसला पाहिजे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एका झटक्यात सुटणारं बक्कल. गर्दीत कुणी भोवळ येऊन पडलं, तर गाठ सोडत बसायला वेळ नसतो.

आता पिंपाकडे वळतो. जुनी पिंपं लोखंडी पत्र्याची, आता अॅल्युमिनियमची आणि फायबरची मिळतात. पानही चामड्याचं जाऊन बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचं आलं, कारण गणपतीत पाऊस पडला की चामडं सैल पडतं आणि ढोल बसका बोलतो. प्लास्टिकचं पान पावसाला दाद देत नाही. हलक्या पिंपाबद्दल वादकांची तक्रार असते की ढोल पोकळ वाजतो, धमक येत नाही. तक्रार खरी आहे, पण तिचा अर्थ वजन हवंच असा होत नाही. ढोलाचा खर्ज मुख्यत: पानाच्या व्यासावर आणि ताणावर अवलंबून असतो. पिंपाची लांबी त्यामानानं कमी फरक पाडते. तेव्हा व्यास तसाच राखून लांबी कमी करणं, कडं हलकं पण ताठ करणं, पिंप पातळ असलं तरी थरथरू नये म्हणून त्याला आतून फासळ्या देणं, हे मार्ग तपासण्याजोगे आहेत. 2013 साली अमेरिकेच्या लुडविग कंपनीनं क्वेस्टलव्ह या ड्रमरबरोबर एक छोटा ड्रमसेट काढला. त्याचा बास ड्रम फक्त 16 इंचांचा, शहरात टॅक्सीनं फिरणाऱ्या वादकासाठी. आज जगभरातले वादक तो घेऊन वाजवतात. म्हणजे लहान आणि हलकं वाद्य दुय्यमच असतं हे खरं नाही. कुणीतरी त्यावर मन लावून काम करावं लागतं.

हे काम तुमचंच का, ते आता सांगतो. 1985 पासून बजाजच्या दुचाक्या वाळूजला बनत आल्या आहेत. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉकसारख्या कंपन्या इथून उभ्या राहिल्या. गाडीचा धक्का माणसाच्या कण्यापर्यंत पोचू नये म्हणून शॉकअॅब्सॉर्बर कसा असावा, अॅल्युमिनियमचा भाग वजन कमी करूनही भक्कम कसा ओतावा, प्लास्टिकचा भाग वर्षानुवर्षं ऊन-पावसात टिकावा यासाठी काय मिसळावं, हे ज्ञान या शहरात शिफ्टगणिक वापरलं जातं. चिकलठाण्यात सिपेट प्लास्टिकचं तंत्र शिकवते. त्याच वसाहतीत इंडो-जर्मन टूल रूम साचे बनवते. वाळूजला ऑटो क्लस्टरमध्ये नमुना बनवण्याची आणि चाचणीची सोय आहे. साचा, माल आणि चाचणी या तिन्ही गोष्टी एका शहरात, अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर. महाराष्ट्रात अशा जागा फार नाहीत. आणि त्याच शहरात तुमच्याच कामगारांची, इंजिनिअरांची मुलं संध्याकाळी सरावाला ढोल बांधतात.

चालत वाजवणाऱ्यांबद्दल एवढं लिहिलं, पण दुचाकीवरून कार्यक्रमाला जाणाऱ्या वादकाचा प्रश्नही याच घरातला आहे. संत एकनाथ रंगमंदिरात किंवा तापडिया नाट्यमंदिरात ऑर्केस्ट्रा असला की ढोलकीवाला, तबलजी, ऑक्टापॅडवाला आपापलं सामान स्कूटरवर बांधून येतात. ऑक्टापॅडनं लग्नाच्या आणि ऑर्केस्ट्राच्या वादकाची फार मोठी सोय केली, एका पिशवीत सगळा ड्रमसेट. लावणीला तो चालत नाही. तिथे ढोलकीची शाईच बोलली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ड्रमसेट वाजवणाऱ्यांना ठाऊक आहे की त्यात ड्रमपेक्षा लोखंडी स्टँडच जड असतात. दुमडणारे, एका पायाचे हलके स्टँड, स्कूटरच्या मागच्या सीटवर घट्ट बसणारी ढोलकीची पेटी, पाठीवर दोन्ही पट्ट्यांनी घेता येणारी तबल्याची पिशवी ज्यात पितळी डग्गा एका बाजूला ओढत नाही, या सगळ्या गोष्टी तुमच्या कारखान्यांच्या हातचा मळ आहेत. आज त्या बाहेरून येतात आणि इथल्या वादकाला परवडत नाहीत, म्हणून तो जुन्या चादरीत गुंडाळून नेतो.

पथकप्रमुखांनाही याच पत्रात दोन शब्द सांगतो, कारण पट्टा आला तरी घेणार तेच. नवे ढोल घेताना भाव आणि आवाज विचारता, तसं वजनही विचारा. दुकानातच वजनकाट्यावर ठेवा. विकत घेण्याआधी पथकातल्या सगळ्यांत ठेंगण्या वादकाला तो बांधून वाजवत चालायला लावा. उंच मुलाला सगळंच पेलतं, त्याच्यावरून माप ठरवू नका. सराव महिनाभर चालतो, त्यातले निम्मे दिवस ढोल स्टँडवर ठेवून वाजवा. हात तेवढेच तयार होतात आणि कंबर मिरवणुकीसाठी राहते. मोठ्या मिरवणुकीत दोन फळ्या करा. पहिली वाजवत असताना दुसरीचे ढोल छोट्या हत्तीत असू द्या. आणि कानात बोळे घाला. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसण्याइतका मानला जातो, पण दर तीन डेसिबलला ती मुदत निम्म्यानं घटते. 100 डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. ताशाच्या शेजारी उभं राहणाऱ्याची ती पंधरा मिनिटं शहागंज सोडण्याआधीच संपतात. फोमचे बोळे मेडिकलच्या दुकानात मिळतात आणि एका चहाच्या आसपास पैशांत येतात.

उद्योजकांना परत एकदा. याकडे दान म्हणून पाहू नका. राज्यभर पथकं आहेत आणि दरवर्षी नवी निघतात. लंडन, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींनीही ढोल-ताशा पथकं उभी केली आहेत आणि त्यांना इथून ढोल न्यावे लागतात. विमानात एका बॅगेला बहुधा 23 किलोची मर्यादा असते. सुटं करता येणारं हलकं पिंप त्यांना हवंच आहे. सुरुवातीचा खर्च जड वाटला, तर 2013 च्या कंपनी कायद्यातल्या सामाजिक दायित्वाच्या यादीत पारंपरिक कलांचं संवर्धन आहे. वादकाच्या पाठीची काळजी हे त्या संवर्धनाचंच काम नव्हे काय? राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना मानधन देतं आणि ते द्यायलाच हवं. पण तोवर शरीराची झीज होऊन गेलेली असते. हलगी-संबळ वाजवून घर चालवणाऱ्या माणसाची पाठ तरुणपणी वाचवता आली, तर तो आणखी कितीतरी वर्षं वाजवेल.

मागणी छोटी आहे. पुढच्या गणेशोत्सवाच्या सरावाआधी ऑटो क्लस्टरमध्ये एक बैठक बोलवा. शहरातल्या पथकांतून काही मुलं-मुली, एक हलगीवाले, एक संबळवाले, एक ताशेवाले आणि वारीला जाणारे एक पखवाजवादक येतील. घाटी रुग्णालयातले हाडांचे डॉक्टर आणि शहरातले फिजिओथेरपिस्ट यांनाही बोलवा. आम्ही आमची वाद्यं, आमचे दोर आणि आमचे सोललेले खुबे घेऊन येऊ. तुम्ही तुमचे वजनकाटे, मोजपट्ट्या आणि डिझाइनची मुलं आणा. पहिला नमुना ओबडधोबड निघाला तरी हरकत नाही, आम्ही तो बांधून वाजवू आणि कुठे रुततो ते सांगू. दुसरा नमुना घेऊन संस्थान गणपतीपुढे वाजवायची आमची तयारी आहे.

तारीख तुम्ही ठरवा. ढोल घेऊन आम्ही येतो.

आपला,
शहरातला एक तालवादक
छत्रपती संभाजीनगर